आठशे मीटरवरचा एक इंच

नागपूरच्या मावशीला आणि साताऱ्याच्या काकांना आधीच सांगून ठेवतो, या वेळी लिहिणार आहे ते शिकारीच्या सामानाबद्दल. बंदुकीबद्दल नाही, दुर्बिणीबद्दल. पण ती दुर्बीण शिकारीसाठी घेतली आहे आणि शिकारीला जाणार आहे ती आमची चौदा वर्षांची लेक. हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःच उठून चहा करून आलो. तुम्हीही करून घ्या, मग पुढे वाचा.

आम्ही राहतो कोलोरॅडोत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दार जवळजवळ लागलं आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली फटही बुजली. त्यामुळे माझ्या पिढीच्या मराठी माणसाला शिकार म्हटलं की एकतर जुन्या वाड्यातलं भुसा भरलेलं वाघाचं तोंड आठवतं, नाहीतर वर्तमानपत्रातली अटकेची बातमी. इथे तसं नाही. इथे ऑक्टोबर उजाडला की अर्धं ऑफिस नारिंगी जाकिटं घालून डोंगरात पसार होतं. सरकारी खातं जनावरं मोजतं, तेवढेच परवाने देतं, आणि त्या परवान्यांच्या पैशातून पुन्हा त्याच जनावरांची राखण होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यात एल्क हजाराच्या आसपास उरले होते म्हणतात. आज पावणेतीन लाखांहून जास्त आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊ समजा. पूर्ण वाढलेला नर सहज तीनशे किलोचा.

लेकीला हे वेड शेजाऱ्यांकडून लागलं. शेजारचे आजोबा आयुष्यभर शिकार केलेले, मितभाषी, आणि मारलेल्या जनावराचा खूरसुद्धा वाया न घालवणारे. (इथे कायदाच आहे, मांस टाकून देणं गुन्हा.) लेक बारा वर्षांची झाली आणि म्हणाली, "बाबा, मला हंटर एज्युकेशनचा कोर्स करायचाय." मी नाही म्हणायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "रविवारी आपण मटण खातो ते कुठून येतं?" आता आमच्या घरी रविवारी मटण शिजतं ही गोष्ट खरी आहे. त्यामुळे तत्त्वाचा आव आणायची सोय नव्हती. तिच्याबरोबर मीही तो कोर्स केला. १ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे तो करावाच लागतो, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठ्या जनावराच्या शिकारीला कुणीतरी कोर्स केलेला मोठा माणूस असावाच लागतो. बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी परीक्षा दिली. पास झालो, हे सांगायला हवं!

त्या कोर्समधलं एक वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. बंदुकीवरची दुर्बीण बघण्यासाठी वापरायची नाही. साधं वाटतं ना? पण विचार करा. लांबच्या झाडीत काहीतरी हललं. ते काय आहे हे बघायला तुम्ही बंदुकीच्या दुर्बिणीतून पाहिलंत, म्हणजे ते काय आहे हे कळायच्या आधीच नळी त्याच्यावर रोखलीत. तिथे एल्क असेल, गाय असेल, किंवा तुमच्यासारखाच नारिंगी जाकीट घातलेला कुणाचा तरी बाप असेल. म्हणून बघायचं साधन वेगळं आणि मारायचं वेगळं. आधी बायनॉक्युलरने शोधायचं, मग तिपाईवर लावलेल्या स्पॉटिंग स्कोपने ओळखायचं, आणि सगळं निश्चित झालं तरच बंदुकीला हात. मी तेव्हाच ठरवलं की बंदूक आजोबा शिकवतील, बघण्याचं खातं माझं.

आता या ओळखण्यात एवढं काय आहे, तर नियम ऐका. राज्याच्या बऱ्याच भागात नर एल्क मारायचा परवाना असला तरी कुठलाही नर चालत नाही. त्याच्या एका शिंगाला तरी किमान चार फाटे हवेत, किंवा कपाळाजवळून पुढे येणारा पहिला फाटा किमान पाच इंच लांब हवा. आणि फाटा कशाला म्हणायचं? कमीत कमी एक इंच लांब असेल त्याला. म्हणजे कोवळे नर सुटावेत, वाढावेत, म्हणून हा नियम. कागदावर छान आहे. पण एल्क काही फूटपट्टी लावायला उभा राहत नाही. तो असतो समोरच्या उतारावर, आठशे मीटरवर, अस्पेनच्या झाडीत निम्मा लपलेला, आणि मान खाली घालून चरत असलेला. आणि कपाळाजवळचा तो फाटा नेमका काळसर तोंडाच्या पुढे येतो, म्हणजे काळ्यावर काळं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला आम्ही तिघं फ्लॅट टॉप्सच्या पठारावर होतो. दहा हजार फुटांच्या वर, नावाप्रमाणे वरून सपाट, कडेने कापलेलं. मला पाचगणीचं टेबललँड आठवलं, फक्त बर्फ पडलेलं. तेव्हा आमच्याकडे भाड्याने आणलेला एक स्वस्तातला स्कोप होता. संध्याकाळी एक नर बाहेर आला. आजोबांनी बायनॉक्युलरमधून पाहून हळूच सांगितलं, तीन तर दिसतायत, चौथा बघा. मी स्कोप लावला. वीस पटीवर ठीक दिसत होतं पण लहान. पट वाढवत साठावर नेली तर जनावर मोठं झालं आणि चित्र मात्र विझल्यासारखं झालं. शिंगाच्या कडेला एक जांभळी झालर, दुसऱ्या कडेला हिरवट. त्या झालरीत चौथा फाटा आहे की मागच्या फांदीचं टोक आहे, काही केल्या कळेना. लेकीने पाहिलं, आजोबांनी पाहिलं. इथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला परवानगी असते. आजोबा एकदा घड्याळ बघत होते, एकदा तिच्याकडे. ते काही बोलले नाहीत. शेवटची सहा-सात मिनिटं राहिली असतील तेव्हा तीच म्हणाली, "माहीत नाही म्हणजे नाही." तिने बंदूक खांद्याला लावलीच नव्हती. नर चरत चरत झाडीत गेला.

आजोबांनी परतताना तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली, एवढंच. ते कुणाची पिशवी घेत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की, काही न मारता परत आलात, उत्तम! आमच्या आईचंही फोनवर हेच म्हणणं. पण मला रात्रभर एक गोष्ट कुरतडत होती. तिने बरोबर केलं. पण पुढच्या वेळी तिच्या जागी दुसरं कुणी असतं, किंवा तीच दिवसभर चालून दमलेली, थंडीने काकडलेली असती, तर त्या जांभळ्या झालरीत चौथा फाटा 'दिसला'ही असता. माणसाला जे हवं असतं ते अंधूक चित्रात फार लवकर दिसतं. निर्णय तिचाच राहू दे, पण त्या निर्णयासाठी तिच्या डोळ्यापुढे नीट चित्र तरी ठेवायला हवं. मला बंदुकीतलं काही कळत नाही. काचेतलं थोडंफार कळतं. हिवाळाभर मी त्याच्याच मागे लागलो.

तर मंडळी, स्पॉटिंग स्कोप. त्याच्यावर २०-६०x८० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे पट, म्हणजे वीसपासून साठपट जवळ आणतो, आणि शेवटचा आकडा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदाराचं लक्ष सगळं त्या साठवर असतं. एका दुकानात एका उत्साही पोराने मला "हा घ्या, यात पंचाहत्तर पट आहे" म्हणून एक नळकांडं हातात दिलं. हे म्हणजे आवाज मोठा म्हणून गायक चांगला म्हणण्यासारखं. पट वाढवणं ही काचेच्या धंद्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. वाढवलेल्या पटीत चित्र टिकवणं महाग.

ते का, हे एका भागाकारात कळतं. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्याच्या बाजूला बाहेर पडणारं उजेडाचं वर्तुळ. ८० मिमीचा स्कोप वीस पटीवर ठेवला तर ४ मिमीचं वर्तुळ येतं, साठ पटीवर जेमतेम १.३. संधिप्रकाशात आपली बाहुली उघडून पाच-सहा मिलिमीटर होते, तरुण डोळ्याची तर सातही. म्हणजे साठ पटीवर आपण बादलीच्या तोंडाशी थेंब थेंब पाणी सोडतोय. चित्र विझल्यासारखं दिसतं ते म्हणून. आणि एल्क बाहेर येतो तो नेमका पहाटे आणि तिन्हीसांजेला. दुपारी तो झाडीत बसून रवंथ करतो, आणि तुम्ही कडक उन्हात साठ पट लावून बसलात तरी तापलेल्या जमिनीवरची हवा अशी लवलवते की पलीकडचा उतार उकळत्या दुधासारखा दिसतो. त्याला जगातली कुठलीच काच काही करू शकत नाही. थोडक्यात, साठ पट वापरायची वेळ फार क्वचित येते. तीस ते पंचेचाळीस पटीच्या दरम्यान, कमी उजेडात, चित्र किती स्वच्छ राहतं, हाच खरा प्रश्न.

स्वच्छ चित्राचे दोन शत्रू. एक, काचेवरून परत फिरणारा उजेड. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड मागे फिरतो. चार टक्के म्हणजे काय, असं वाटेल. पण स्कोपमध्ये भिंगं आणि लोलक मिळून सहज सोळा पृष्ठभाग होतात. प्रत्येकाला चार टक्के कर भरत गेलात तर शेवटी निम्मा उजेड उरतो. (आयकर खातं बरं, असं माझा एक मित्र म्हणाला.) १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर पातळ थर चढवून हे परतणं कमी करायची युक्ती काढली, आणि आजच्या चांगल्या स्कोपात सगळ्या पृष्ठभागांवर असे अनेक थर असतात. स्वस्त स्कोपातही "कोटेड" लिहिलेलं असतं, फक्त किती पृष्ठभागांवर ते लिहिलेलं नसतं.

दुसरा शत्रू म्हणजे ती जांभळी झालर. साध्या काचेत निळा आणि तांबडा उजेड एकाच जागी एकत्र येत नाही, म्हणून गडद वस्तूच्या कडेला रंग सांडतात. आणि आपल्याला बघायचं काय आहे, तर उजळ आकाशावर किंवा बर्फावर गडद शिंगाची कड! जिथे नेमकं बघायचं तिथेच सांडलवंड. यावर उपाय म्हणून ईडी नावाची खास काच वापरतात, नाहीतर फ्लोराइटचं स्फटिक. जपानची कोवा कंपनी तिच्या ८८ मिमीच्या मोठ्या स्कोपात पुढचं भिंग फ्लोराइटचं घालते. मी एकदा त्यातून पाहिलं. समोरच्या दिव्याच्या खांबावर कावळा बसला होता. त्याच्या पिसाच्या कडेला काहीही नव्हतं. फक्त पीस, आणि त्याच्यामागे आकाश. दोन मिनिटं मी कावळाच बघत राहिलो, दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक पक्कं झालं. किंमत ऐकून मी कावळ्याला रामराम केला.

किमतींचं सांगायचं तर तीनशे-चारशे डॉलरपासून सुरुवात होते आणि वरच्या टोकाला, ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीचा तिपाईसकट संच घ्यायचा तर, चार हजारांच्या पुढे जाते. मध्ये दीड-दोन हजारांत व्होर्टेक्ससारख्या अमेरिकन कंपन्यांचे बरेच चांगले स्कोप आहेत. तीनशेचा आणि दीड हजाराचा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो दुपारीसुद्धा दिसतो. दीड हजाराचा आणि चार हजारांचा यांत फरक आहे तो फक्त दिवसाच्या शेवटच्या वीस मिनिटांत दिसतो. दुकानं सहाला बंद होतात, त्यामुळे ती वीस मिनिटं दुकानात कधी मिळतच नाहीत, ही यातली गंमत. मी हिवाळ्यात खरेदी केली त्याचं खरं कारण हे. डिसेंबर-जानेवारीत इथे पाचच्या आगेमागे सूर्य मावळतो. दुकान उघडं, आणि बाहेर नेमका हवा तसा उजेड.

परीक्षा घेण्याची माझी पद्धत थोडी घरगुती आहे. लोक डॉलरची नोट भिंतीला लावतात. मी शंभर रुपयांची लावली. आपल्या नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी असते ना, त्यात कोंकणीत 'शंबर रुपया' लिहिलंय आणि मल्याळम सोडून खाली मराठीत 'शंभर रुपये'. दुकानाच्या मागच्या भिंतीला नोट चिकटवायची, तीस पावलं मोजायची, आणि दिवेलागणीच्या वेळी स्कोपातून ब आणि भ वेगळे ओळखता येतात का बघायचं. लेकीला मराठी वाचता येतं, पण वेलांटी-उकारांचा तिला कंटाळा. या निमित्ताने तिने आयुष्यात पहिल्यांदा 'भ'कडे एवढं निरखून पाहिलं असेल! हिशोबही जवळजवळ जुळतो बघा: आठशे मीटरवरचं जनावर चाळीस पटीने आणलं की वीस मीटरवर असल्यासारखं दिसतं, आणि वीस मीटरवरून एक इंचाचा फाटा ओळखायचा असतो. ज्या स्कोपात ब आणि भ एक झाले ते आम्ही परत ठेवले. असे चार ठेवले. दुकानदाराने पाचव्याच्या वेळी स्वतः खुर्ची आणून दिली.

मग आकाराचा वाद. ८५ मिमीची पुढची काच ६५ मिमीच्या काचेपेक्षा सुमारे सत्तर टक्के जास्त उजेड घेते. हे ऐकून मी ८५ कडे झुकलो होतो. लेक म्हणाली, "उचलणार कोण?" फ्लॅट टॉप्सचा मोठा भाग असा संरक्षित आहे की तिथे गाडी नेता येत नाही, पायी नाहीतर घोड्यावर. मोठा स्कोप तीनशे-चारशे ग्रॅमने जड, वर त्याला पेलणारी तिपाईही जड, म्हणजे दोन्ही मिळून किलोभर वाढलं. दहा हजार फुटांवर एक किलो म्हणजे काय ते सिंहगड पाठीवर पाण्याचा कॅन घेऊन चढलेल्यांना विचारा. आजोबांनी एकाच वाक्यात निकाल दिला: गाडीत राहिलेल्या स्कोपातून काहीच दिसत नाही. तर ६५.

आडव्या नळीचा की डोळ्याकडे वाकलेला, हा पुढचा प्रश्न. आडवा पटकन लागतो, गाडीच्या खिडकीतून बघायला सोयीचा. पण आमच्यात मी पाच फूट दहा, आजोबा सहा फुटांच्या वर, आणि लेक अजून पाच फुटांच्या आसपास. वाकलेला असला की तिच्या उंचीला लावायचा आणि बाकीच्यांनी मान खाली घालून बघायचं, दर वेळी तिपाई वर-खाली करायला नको. शिवाय तिपाई जितकी बुटकी तितकी वाऱ्यात कमी हलते. वाकलेला घेतला.

तिपाईबद्दल एवढंच सांगतो की लोक स्कोपवर दोन हजार घालतात आणि तिपाईवर साठ. चाळीस पट म्हणजे हादराही चाळीस पट. बजेटमधला पाचवा हिस्सा तरी तिपाई आणि तिच्या डोक्यासाठी आधीच बाजूला काढा, नंतर हात आखडतो.

शेवटी घेतला तो सेकंडहँड, स्वारोव्स्कीचा जुन्या एटीएस मालिकेतला ६५ मिमीचा, एचडी काचेचा, आणि त्याला २५-५० पटीचं रुंद दिसणारं आयपीस. लोकांना साठ पट नाही म्हणून हे आयपीस अपुरं वाटतं. मला त्यात डोंगराचा जास्त तुकडा एका वेळी दिसतो आणि चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो, आणि पन्नासच्या पुढे मला जायचंच नाही. नव्या संचाच्या निम्म्याहून कमी पैसे पडले. चांगल्या दुर्बिणी दागिन्यासारख्या टिकतात, फक्त आत बुरशी आणि धुकं नाही ना, फोकसची कडी कुठे अडकत नाही ना, एवढं टॉर्च मारून बघून घ्यायचं. घरी आणल्यावर रात्री अंगणातून एक तारा पकडला. फोकसच्या दोन्ही बाजूंना सरकवला की ताऱ्याचा सारखाच गोल व्हायला हवा. एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला वांगं झालं तर भिंगं सरळ बसलेली नाहीत. आमचा दोन्हीकडे गोल होता. मग अर्थातच गुरूचे चंद्र पाहिले, आणि बायको, जिने या सगळ्या खरेदीकडे तोवर भुवई उंचावून पाहिलं होतं, ती थंडीत शाल घेऊन पाऊण तास बाहेर उभी राहिली.

एप्रिलमध्ये परवान्याच्या सोडतीचा अर्ज भरला आणि निकाल लागला तेव्हा हसावं की रडावं कळेना. या वर्षी लेकीला मादीचा परवाना लागलाय. म्हणजे शिंगं नाहीतच! चौथा फाटा, कपाळाजवळचा फाटा, सगळा अभ्यास बासनात. काका लगेच म्हणतील, मग ती एवढ्या पैशांची दुर्बीण कशाला?

मीही क्षणभर तसंच म्हणालो. मग नियम पुन्हा वाचला. मादीच्या परवान्यावर पाच इंचांपेक्षा लांब शिंग असलेलं जनावर चालत नाही. पहिल्या शिंगाचा नर, ज्याला फक्त दोन बारीक सरळ खुंट्या असतात, तो कळपात माद्यांबरोबरच हिंडतो, आणि कानामागे त्या खुंट्या पटकन दिसत नाहीत. कान हलायची वाट बघत बसायची. आणि मूस! १९७८-७९ मध्ये युटा आणि वायोमिंगमधून चोवीस मूस आणून इथे सोडले, आता त्यांची संख्या हजारांत आहे, आणि दर वर्षी कुणीतरी एल्क समजून मूस मारतो. एल्कची मादी फिकट तपकिरी, मागे पिवळसर ढुंगण. मूस सगळा काळपट. भर दिवसा गाढवालाही कळेल. तिन्हीसांजेला, निम्मं अंग झाडीत, पुढे बर्फ, तेव्हा सांगा.

पण लेकीने जे विचारलं ते नियमात नव्हतं. एका संध्याकाळी अंगणात तिपाई लावून समोरच्या टेकडीवरच्या हरणांच्या माद्या बघत होती. डोळा काढला नाही, तशीच म्हणाली, "बाबा, तिच्यामागे पिल्लू असलं तर?"

मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, मे-जूनची पिल्लं ऑक्टोबरपर्यंत चरायला लागलेली असतात, कळपात राहतात, आणि कायद्याने मनाई नाही. पण ते स्वतः पिल्लू मागे असलेल्या मादीवर कधी गोळी झाडत नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. हे तिला जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दहा मिनिटं बघायचं. एकटीच आहे का ते बघायला दहा मिनिटं तरी लागतील ना?"

लागतील. पंधराही लागतील. पिल्लू गवतात बसलेलं असलं तर आई चरत चरत कितीही लांब जाते, आणि मग वळून एकदा त्या दिशेला बघते. तिचं ते बघणं पकडायला तिच्या डोक्यावर नजर ठेवून बसावं लागतं, बर्फात, न हलता, हातमोजे घालून. तिच्या हातमोज्यात फोकसची कडी फिरते का हे अजून बघायचं राहिलंय. माझ्या जाड हातमोज्यात ती फिरत नाही. शनिवारी पातळ लोकरीचे दोन-तीन जोड आणून बघणार आहोत, आणि आजोबा म्हणाले त्याप्रमाणे कडीवर सायकलच्या ट्यूबची एक पट्टी चढवून.